भिंतीवरचं ताट

केसरमावशींच्या मुलाचा, गणराजचा तुरुंगातून फोन येतो, तो माझ्या नंबरवर. का येतो ते आधीच सांगून टाकते, कारण आमच्या कुरुळी गावात जेवढी तोंडं तेवढ्या कहाण्या.

आम्ही दोघी एकाच चाळीत राहतो. वरचा पत्रा एक आणि मधली भिंत एक. मी घरी ब्लाउज शिवते. माझे मिस्टर कंपनीत जातात, येतात आणि झोपतात. त्यांच्याबद्दल एवढं पुरे. मावशी चाकणच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये भाकरी करतात. मूळच्या लातूरकडच्या. अंगानं अशा भरलेल्या की ब्लाउजला मी नेहमी जास्तीचं कापड मागायची आणि त्या म्हणायच्या, "कापड खातीस का काय गं, विजू?" कँटीनमध्ये पोळ्यांचं मशीन आलं तेव्हा सुपरवायझर म्हणाला, मावशी, आता तुम्हाला आराम. मावशींनी कमरेवर हात ठेवून विचारलं, "तुझं मशीन भाकर थापतंय का? नाय ना? मग त्याला सांग, बाजूला सरक." मशीन राहिलं आणि मावशीही राहिल्या.

त्यांचे मिस्टर दत्तोबा चाकणच्या मार्केटात कांद्याच्या गाड्यांवर हमाली करायचे. बोलायचं नाही म्हणजे नाही असा माणूस. इतक्या वर्षांत माझ्याशी चार वाक्यं बोलले असतील, त्यातलं एक पाणी गेलं का हे. पण त्यांची एक खोड सगळ्या चाळीला माहीत होती: एकट्यानं जेवायचे नाहीत. गणराजची शिफ्ट लांबली की हा माणूस ताट झाकून भिंतीला टेकून बसायचा. मावशी कावायच्या. "मी काय मेले का? माझ्यासंगं बसा की!" त्यावर दत्तोबा हळूच म्हणायचे, "तू कधी बसलीस?" आणि ते खरंच होतं. सगळ्यांचं झाल्यावर चुलीपाशी उभ्यानं दोन घास टाकायचे, ही मावशींची रीत. नवऱ्याच्या ताटासमोर ताट घेऊन त्या जन्मात कधी बसल्या नव्हत्या.

एका सकाळी दत्तोबा मार्केटात कांद्याच्या पोत्याला पाठ लावून बसले ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. पुढच्याच वर्षी एका खानावळीसमोर पोरांची मारामारी झाली, त्यात एक जण गेला. पोलिसांनी उचलले त्यांत गणराज होता. त्याचा हात उठला होता की तो नुसता उभा होता, ते कोर्ट ठरवेल. मी विचारलं नाही, मावशींनीही विचारलं नाही. मायलेकांत मिळून फोन एकच, तो पोलिसांनी जमा केला. तुरुंगात नातेवाइकांचा नंबर मागितला तेव्हा मी माझा दिला. पडताळणीला चौकीतून माणूस आला. "तुम्ही त्याच्या कोण?" म्हणाला. म्हटलं, "शेजारीण. मधे एक भिंत आहे, हवी तर मोजून घ्या." त्यानं बहीण असं लिहून घेतलं.

तेव्हापासून ठरलेल्या दिवशी दुपारी फोन वाजला की मी पायाखालचं शिलाई मशीन सोडून शेजारी धावते. बोलायला मिळतात थोडीच मिनिटं, आणि ती कशात जायची? "जेवलास का?" "जेवलो." "काय होतं?" "डाळ, चपाती." "पोटभर जेवलास का?" "हो गं आई." संपला फोन. मी म्हणायची, मावशी, वकील काय म्हणाला ते विचारा, तब्येतीचं विचारा. पण नाही. महिन्यातून एकदोनदा भोसरीवरून बस बदलत येरवड्याला भेटीला जायचं, तिथंही मधे काच, हातात रिसीव्हर आणि तोच प्रश्न. घरचं जेवण आत नेता येत नाही, हे मावशींच्या काळजात कुसळासारखं रुतलं होतं. परतताना बसमध्ये म्हणायच्या, "अख्ख्या कंपनीला भाकर घालते मी. अन् माझं लेकरू काय खातंय, मला दिसत बी नाय."

मग पितृपक्ष आला.

आमच्या घरात हे काही नसतं. मी बौद्धाची. श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही ही प्रतिज्ञा माझ्या वडिलांनी दारावर लावलेली होती, मी ती वाचतच मोठी झाले. पण शेजारणीला वड्याचं पीठ वाटून द्यायला प्रतिज्ञा आड येत नाही. दत्तोबांच्या तिथीला मी मावशींच्या हाताखाली होते. पान ठेवायचं काम खरं मुलाचं. मुलगा आत, म्हणून मावशींनीच खीर, वडे, अळूची भाजी वाढून पान चाळीच्या मागच्या कंपाउंडच्या भिंतीवर ठेवलं आणि हात जोडले.

विजेच्या तारेवर कावळा येऊन बसला. या पट्ट्यात कावळ्यांना काय तोटा, पण हा ओरडेना. पानाकडे बघतही नव्हता, मावशींकडे बघत होता. मावशींनी रीतीप्रमाणे एकेक शब्द दिला. घर सांभाळीन. गणराजला सोडवून आणीन. कावळा हलला नाही. ऊन कलायला लागलं, वडे वाळले. मी म्हटलं, "मावशी, पोट भरलं असेल त्याचं. चला आत." त्या म्हणाल्या, "न्हाई गं. एकट्याच्यानं जेववंना त्यांला. माणूस तसाच हाय अजून."

त्या घरात गेल्या आणि गणराजचं ताट घेऊन आल्या. बारशाला मामानं दिलेलं स्टीलचं ताट, कडेला त्याचं नाव कोरलेलं. तेही वाढून पानाशेजारी ठेवलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, "घ्या. गणराज बी आलाय. बापलेक संगं जेवा."

कावळा त्या क्षणी उतरला. आधी पानातला घास घेतला, मग ताटातला. एकदा इकडे, एकदा तिकडे, अजिबात घाई न करता.

पुढच्या फोनला मावशींनी विचारायच्या आत गणराज म्हणाला, "आई, परवा खीर केली होतीस का? इथं बसल्या बसल्या तोंडाला चव आली बघ. वेलदोड्याची." मी म्हटलं, पोराला तिथी आठवली असेल, तिथीला खीर असतेच. यात काय विशेष! पण मावशींचा चेहरा उजळून निघाला.

दुसऱ्या दिवसापासून रोजचं सुरू झालं. पितृपक्ष संपला, नवरात्र झालं, दिवाळी गेली. पहिली शिफ्ट करून मावशी घरी यायच्या, स्वयंपाक करायच्या आणि उन्हं असतानाच भिंतीवर पान आणि ताट ठेवायच्या. "तुरुंगात जेवण लवकर देतात," म्हणायच्या. कावळा आधीच तारेवर असायचा. आणि फोनवर गणराज सांगायचा: मंगळवारी गवार होती, आई, तिखट कमी पडलं. काल शेंगदाण्याची आमटी होती ना? मावशी हसायच्या, डोळे पुसायच्या, "व्हय रे माझ्या लेकरा" म्हणायच्या. काच नाही, रिसीव्हर नाही, पहारा नाही. त्यांना आत जायची चोरवाट सापडली होती.

मी माझ्या मनाला समजावत होते. आई काय काय करते हे पोराला पाठ असतं, अंदाज लागतो. मग एक दिवस मी सुकटाची चटणी केली आणि वाटीभर मावशींना दिली. त्या आठवड्यात फोन आला तेव्हा मावशी कामावरून आल्या नव्हत्या. मी घेतला. गणराज म्हणाला, "विजूताई, सुकट तुमच्या हातचं होतं ना? मीठ जास्त झालं होतं."

मीठ जास्तच झालं होतं. मिस्टरांनीही दोन शब्द ऐकवले होते. मी फोन शिलाई मशीनवर ठेवला. वडिलांच्या दारावरची एकेक ओळ आठवून पाहिली, पण अंगावरचा काटा जाईना.

थंडीत मावशींबरोबर मी भेटीला गेले. काचेपलीकडे गणराज आला आणि मी आधी त्याचा शर्टच बघितला, सवय ना. तोच शर्ट, पण खांद्याची शिवण दंडावर उतरली होती आणि कॉलरमध्ये माझा अख्खा हात गेला असता. गालाची हाडं वर आली होती. आणि चेहरा कसा? खुशीत. मावशींनी रिसीव्हर आमच्या दोघींच्या कानांच्या मधे धरला.

"जेवत नाहीस का रे?" मावशींचा आवाज फुटला.

"रोज जेवतो की. तूच तर घालतेस. इथलं खातो कोण? पोट गच्च असतं." मग तो काचेजवळ सरकला. "आई, अण्णा पण असतात. आम्ही दोघं भिंतीपाशी बसतो. अण्णा आता खूप बोलतात गं."

दत्तोबा आणि बोलतात?

"काय म्हणतात?" मावशींनी विचारलं.

"म्हणतात, इथं कशाला कुढत बसतोस? माझ्याकडं चल. जागा खूप आहे."

तिथल्या डॉक्टरनं तपासलं, आजार काहीच नाही, असंही तो सांगत होता. मावशींनी ऐकलं की नाही कोण जाणे.

चाळीची मालकीण सरूबाई कुरुळीचीच, जुनी. परतल्या परतल्या तिला मावशींनी सगळं सांगितलं. म्हातारीनं पदर तोंडाला लावला. "जित्या माणसाचं नाव घातल्यालं ताट भितीवर ठिवलंस व्हय? अगं केसर, त्ये जेवान न्हाई, त्ये बोलावनं हाय. बापाच्या पंगतीला लेकाला बसवलंस तू. बंद कर आदी."

त्या दिवसापासून मावशींनी बंद केलं. कावळा तारेवर बसला. दुसऱ्या दिवशी तो पत्र्यावर आला. ओरडला नाही, नुसता चालत राहिला. नखांचा आवाज मावशींच्या खोलीवरून माझ्या खोलीवर आणि परत. मी खाली ब्लाउजला काजं करत बसले होते, माझी सुई तीनदा बोटात गेली.

मग फोन आला. गणराजचा आवाज इतका बारीक की मी स्पीकर लावला.

"आई, ताट का नाही लावलंस? अण्णा बसून आहेत. ते माझ्याशिवाय घास घेत नाहीत. अन् मी त्यांच्याशिवाय."

"लेकरा, तिथं देतेत ते खा रे!"

"ते माती लागतं गं, आई. तोंडात ठेवलं की माती."

माझा संताप अनावर झाला. कुणावर काढावा ते कळेना, म्हणून फोनवर ओरडले, "गणराज, मुकाट्यानं समोरचं खा! माती लागली तरी गीळ!" तो म्हणाला, "विजूताई, तुम्ही दोघी रडू नका. मी आता जातोच आहे." आणि फोन कट झाला.

मावशी जमिनीवर बसल्या होत्या. ताट ठेवलं तर बाप घेऊन जातो, नाही ठेवलं तर पोर उपाशी मरतं. मी म्हटलं, आपण तुरुंगाच्या डॉक्टरांना सांगू, वकिलाला सांगू, सलाईन लावतील. मावशींनी माझ्याकडे बघितलं, जशी मी शाळेतली पोर आहे. "वकिलाचं ऐकतेत का गं माझे मालक?" म्हणाल्या. "त्यांनी जन्मात कुनाचं ऐकलं नाय. एकच गोष्ट मागत होते ते. ती म्या दिली नाय."

दुसऱ्या दिवशी त्या कामावर गेल्या नाहीत. डोक्यावरून न्हाल्या. ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि दत्तोबांना आवडायची तशी कांद्याची पात केली. पेटीतून एक ताट काढलं, लग्नातलं, पितळी, काळं पडलेलं. चिंचेनं घासल्यावर कडेवरचं नाव दिसलं: सौ. केसर दत्तोबा. गणराजचं ताट त्यांनी धुतलं, पुसलं आणि घरात फळीवर उपडं घातलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी दारात आडवी उभी राहिले. "मावशी, हे करायचं नाही. मी करू देणार नाही!"

"तुमच्यात नसतंय ना हे?" त्या शांतपणे म्हणाल्या. "मग तू कामून भितीस?"

मी दारातून बाजूला झाले.

त्यांनी भिंतीवर पान ठेवलं, शेजारी आपलं ताट ठेवलं आणि दुधाचा रिकामा क्रेट ओढून भिंतीला लागून बसल्या. कावळा पत्र्यावरून तारेवर गेला. मावशी त्याच्याकडे बघून बोलल्या, नवऱ्याशी भांडताना बोलायच्या त्याच आवाजात.

"ऐका. पोराला सोडा. त्याचं अजून लगीन व्हायचंय, लेकरं व्हायचीत. तुमाला सोबत पायजे ना जेवायला? ही घ्या. बसले मी. उभ्यानं नाय, नीट बसले. आता रोज बसंन. अन् पुढं म्हणाल तवा येईन बी. पण पोराकडं बघायचं नाय."

तारेवर तो किती वेळ बसून होता मला सांगता येणार नाही. रस्त्यावरून कंपनीच्या बसेस गेल्या, शिफ्ट सुटली. मी मनात म्हणत होते, येऊ नको, येऊ नको, आणि त्याच वेळी काचेमागची ती कॉलर आठवून, ये बाबा, येही म्हणत होते. दोन्ही मनापासून.

तो उतरला. पानातला एक घास घेतला आणि थांबला. मावशींनी आपल्या ताटातला घास मोडून तोंडात घातला. मग त्यानं दुसरा घेतला. पान संपेपर्यंत दोघं तसेच जेवत राहिले, समोरासमोर. मावशींनी मध्येच डोक्यावरचा पदर सारखा केला, नव्या नवरीसारखा, आणि मला तिथं उभं राहवलं नाही.

ठरलेल्या दिवशी फोन आला नाही. त्याच्या पुढच्या वेळीही नाही. माझ्या घशाखाली अन्न उतरेना. मावशी मात्र ठरल्या वेळी ताट घेऊन भिंतीपाशी बसत होत्या. मग एका दुपारी तो आला. मी धावत गेले, उंबऱ्याला ठेच लागून अंगठा सोलला.

"आई," गणराज म्हणाला, "भूक लागलीय गं. पोटात आग पडलीय नुसती. दवाखान्यात ठेवलं होतं मला. काल चार चपात्या खाल्ल्या, तरी भागेना. आणि डाळ काय बेकार असते इथली! नुसतं पाणी!"

मावशींनी फोन छातीला लावला आणि हंबरडा फोडला. मी पण फोडला. पलीकडून तो "काय झालं, काय झालं" ओरडत होता. मावशी म्हणाल्या, "काय नाय रे. तू डाळीला शिव्या दे. दे अजून."

शेवटी त्यांनी विचारलं, "अण्णा दिसतेत का?"

"नाही," तो म्हणाला. "कुणीच नसतं. एकटाच जेवतो. आई, तू काल काय केलं होतंस?"

"वांगं," मावशी म्हणाल्या. त्याला खरोखर कळलं नव्हतं.

त्याला आता काही महिने झाले. गणराजच्या अंगावर मांस चढतंय, शर्ट खांद्यावर बसायला लागलाय. जामिनाच्या अर्जावर सुनावणी आहे आणि वकील या वेळी चक्क हसून बोलला. मावशी रोज भिंतीपाशी बसतात. पोटभर जेवतात, मी माझ्या डोळ्यांनी बघते, दोन-दोन भाकरी. कावळ्याशी गप्पा मारतात, कँटीनचं, सुपरवायझरचं, कांद्याच्या भावाचं सांगतात. हसतात सुद्धा. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना नवऱ्याशी एवढं बोलताना ऐकलं नव्हतं.

आणि त्यांचा ब्लाउज ढगळ होत चाललाय. पहिल्यांदा आत घेऊन मागायला आल्या तेव्हा मी हसून म्हटलं, "बघा, आता कापड वाचलं." दुसऱ्यांदा हसले नाही. परवा पुन्हा आल्या. दंडावर टेप लावली, हाताला हाड लागलं. मी डॉक्टरकडे नेलं होतं. रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, आजार काहीच नाही म्हणाले. मी शिवण आत घेते, पण सुटलेलं कापड कापत नाही. आतल्या बाजूला दुमडून ठेवते. उद्या उसवून सोडायची वेळ आली तर असावं.

काल फोन आला. मायलेकांचं बोलणं झाल्यावर गणराज म्हणाला, "विजूताईला दे." मी घेतला.

"ताई, आई बारीक झालीय का? परवा काचेतून तशी वाटली. जेवते ना ती वेळेवर?"

मावशी समोरच होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. बाहेर उन्हं कलली होती आणि पत्र्यावर पावलं वाजत होती.

"जेवते रे," मी म्हटलं. "रोज बसून जेवते. तू लवकर ये."